देवाच्या दारात धरणं : नागझिऱ्याचं पाणी, तुकोबांच्या वह्या आणि रमाबाईंचा दुष्काळ

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा सावकाश वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना झालेले "म्हणजे", "बरं का" थोडे छाटलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा विषय जरा नाजूक आहे. घरात एखादं तरुण माणूस अचानक जातं, सलग दोन वर्षं पीक हातचं जातं, एखादं लहान लेकरू आजारातून उठतच नाही. अशा वेळी कोणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणतं, "देवाची इच्छा." आणि आपल्या आत काहीतरी पेटतं. ही कसली इच्छा? आम्ही काय वाईट केलं होतं? मग लगेच भीतीही वाटते, की असं देवाला बोलायचं नसतं, पाप लागतं.

खरंच बोलायचं नसतं का? आपल्या इतिहासात लोक देवावर रागावलेत का? आणि रागावल्यावर त्यांनी पुढे काय केलं? आज आपण हेच बघणार आहोत, आणि सुरुवात करणार आहोत नागझिऱ्यापासून.

झरा आटला नाही, पण

नागझिरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वाघ येतो. वाचणाऱ्यांना व्यंकटेश माडगूळकरांचं "नागझिरा" हे पुस्तक आठवतं. १९७० मध्ये हे अभयारण्य झालं आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. पण नाव कशावरून आलं? जंगलाच्या मध्यभागी नागाचं देवस्थान आहे आणि डोंगरातून येणारा बारमाही झरा आहे. नाग आणि झिरा. एक देव आणि एक पाण्याची जागा, एवढ्यावर या जंगलाची ओळख उभी आहे. भर उन्हाळ्यात सगळीकडे पाणी आटलं तरी इथे ओल असते.

आता नकाशा थोडा मागे न्या. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता, आणि इंग्रजांच्या काळात भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. हा तलावांचा मुलूख. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, त्यावर पिकणारा धान. धानाचं गणित तुम्हाला माहीतच असेल: पऱ्हे टाकायचे, रोवणी करायची, आणि दाणा भरायच्या वेळेला पाणी हवंच हवं. ऐन तेव्हा पाऊस गेला की शेत हिरवं दिसतं, पण लोंबीत दाणा नसतो.

१८९६ ला असंच झालं. पाऊस मधेच थांबला. पुढच्या वर्षी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ. त्यातून लोक जरा उठतायत तोवर १८९९ चा पावसाळा गेला आणि १९०० मध्ये दुसरा दुष्काळ. मधे पटकी होतीच.

किती माणसं गेली? नेमका आकडा सांगणं अवघड असतं, पण जनगणना काहीतरी बोलते. १८९१ मध्ये भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या साधारण ७ लाख ४३ हजार होती. १९०१ मध्ये ती साधारण ६ लाख ६३ हजार. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायला हवी, इथे ती जवळजवळ ८० हजारांनी कमी झाली. अख्ख्या मध्य प्रांतात ही घट सुमारे ९ लाखांची होती. यात सगळेच मेले असं नाही. काही गाव सोडून गेले, कितीतरी मुलं जन्मालाच आली नाहीत. पण दर नऊ माणसांमागे एक कमी, हे कोणत्याही गावाला दिसलंच असेल.

त्या वर्षी या भागातल्या बाईने आपल्या देवाला काय विचारलं असेल? तिचा शब्द कुठल्या कागदावर उतरलेला नाही. सरकारी अहवालात पावसाचे इंच असतात, मजुरीचे दर असतात, रिलीफ कॅम्पमधल्या माणसांची संख्या असते. देवाला दिलेली शिवी अहवालात येत नाही.

म्हणून तिचा प्रश्न समजून घ्यायला आपल्याला अशा माणसांकडे जावं लागतं ज्यांनी दुष्काळ भोगला, देवावर रागावले आणि ते लिहून ठेवलं. मराठीत अशी दोन मोठी माणसं आहेत. एक देवाला सोडून गेला नाही. एक गेली. आणि दोघांचाही राग खरा होता.

देहूचा वाणी आणि १६३० चा दुष्काळ

पहिला माणूस तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या डोक्यातले तुकोबा म्हणजे वीणा, टाळ, शांत चेहरा. ते क्षणभर बाजूला ठेवा. १६३० मधला तुकाराम म्हणजे ऐन तारुण्यातला एक वाणी. देहूला दुकान, महाजनकी, लोकांना दिलेली उधारी. आईवडील गेलेले, थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थांना निघून गेलेला. सगळा प्रपंच याच्या डोक्यावर.

त्यात पुणे परगण्याची अवस्था काय? आदिलशाही सरदार मुरार जगदेवने त्याच सुमारास पुणं जाळून बेचिराख केलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. शाहजहानच्या फौजा दख्खनमध्ये उतरलेल्या. तो बुऱ्हाणपूरला मुक्काम ठोकून होता. १६३१ मध्ये मुमताज तिथेच गेली. आणि या सगळ्यावर पाऊस नाही. १६३० ते १६३२ चा दख्खन आणि गुजरातचा हा दुष्काळ इतका मोठा की बादशाहाच्या दरबारी इतिहासकारालाही, अब्दुल हमीद लाहोरीला, तो नोंदवावा लागला. सुरतेहून आग्र्याला चाललेला पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी रस्त्यावरच्या प्रेतांबद्दल लिहून गेलाय.

याच दुष्काळात तुकारामांची पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली. हे नंतर कोणी रचलेलं नाही. तुकोबांनी स्वतः एका अभंगात ते सांगितलंय. दिवाळं निघालं, बायको अन्न अन्न करत मेली आणि आपल्याला लोकांत तोंड दाखवायची लाज वाटली, असं. संतचरित्रकार महिपती सांगतात की लहानगा मुलगा संतूही गेला.

आता हाच माणूस दुसऱ्या एका अभंगात म्हणतो की हे सगळं झालं ते बरंच झालं, त्यामुळे तुझी आठवण राहिली. कीर्तनात हा अभंग पुष्कळदा ऐकायला मिळतो, आणि त्यातून काढलेलं तात्पर्य असं असतं की बघा, दुःख चांगलं असतं, ते देवाकडे नेतं.

इथे जरा थांबा. "बरं झालं" हे कोण म्हणतंय? ज्याचं घर बसलं तो, स्वतःबद्दल. तुकोबा हे दुसऱ्या कोणाला सांगत फिरले नाहीत. उलट त्यांनी काय केलं ते बघा. त्यांच्याकडे लोकांच्या कर्जाची खतं होती. गावात त्यांच्यासारखेच बुडालेले लोक होते आणि ते यांचं देणं लागत होते. परंपरा सांगते की तुकोबांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची अर्धी खतं दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडून दिली. स्वतःच्या दुःखाला "बरं झालं" म्हणणारा माणूस शेजाऱ्याच्या दुःखाला तसं म्हणाला नाही. त्याने शेजाऱ्याचं कर्ज माफ केलं.

माझ्या मते हा फरक फार महत्त्वाचा आहे. आपल्या दुःखातून आपण काय अर्थ काढायचा तो आपला अधिकार. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ आपण त्याच्या तोंडावर मारायचा नसतो.

सावकार बदलला

बरं, मग तुकोबा देवावर रागावले की नाही? भरपूर! गाथा एकदा नीट चाळा. देवाला चोर म्हटलंय, कंजूष म्हटलंय, लाज काढलीय. एका ठिकाणी तर आपल्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो, असा थेट हिशेब मिटवलाय. आणि हे एकट्या तुकोबांचं नाही. त्यांच्याआधी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जनाबाई विठ्ठलाला अस्सल शिव्या देतात. चोखामेळा जातीच्या भिंतीबाहेर उभे राहून देवालाच विचारतात की मला असा जन्म दिलास कशाला. वारकरी परंपरेने हे अभंग लपवले नाहीत. ते गायले, पाठ केले, पिढ्यान् पिढ्या सांभाळले. म्हणजे देवाशी भांडणं हे या परंपरेत भक्तीच्या आत बसतं.

या भांडणाचा कळस म्हणजे इंद्रायणीकाठचे तेरा दिवस. गोष्ट तुम्हाला माहीत आहे: शूद्राने असलं काव्य करू नये म्हणून रामेश्वर भटांनी वह्या बुडवायला सांगितल्या, वह्या नदीत गेल्या आणि तुकोबा तिथेच शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. तेराव्या दिवशी वह्या वर आल्या, असं परंपरा सांगते.

वह्या तरंगल्या का, यावर भांडणं पुष्कळ झालीत. मला त्या तेरा दिवसांचं बसणं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या काळी धरणं धरणं ही वसुलीची एक जुनी रीत होती. कोणी पैसे बुडवले तर धनको त्याच्या दारात जाऊन उपाशी बसायचा. तू देणं देईपर्यंत मी उठणार नाही, आणि मी मेलो तर पाप तुझ्या डोक्यावर. आज आपण कलेक्टर ऑफिसपुढे "धरणे आंदोलन" म्हणतो ना, तो शब्द तिथूनच आलाय.

तुकोबा वाणी होते. देणं, घेणं, खतं, तगादा ही त्यांची रोजची भाषा. या माणसाने आधी गावातल्या ऋणकोंची खतं नदीत सोडली. आणि पुढे त्याच नदीकाठी तो स्वतः देवाच्या दारात धनको म्हणून बसला. माणसांवरचा तगादा सोडला आणि देवावर लावला. मी तुझ्यावर विश्वास ठेवला, आता तुझं देणं दे.

हे बसणं म्हणजे श्रद्धा की राग? मला तरी दोन्ही वेगळं काढता येत नाही. ज्याच्याकडून काहीच येणं नाही त्याच्या दारात कोणी धरणं धरत नाही.

अकरा दिवस, पानं आणि पाणी

आता दुसरं माणूस. आणि ही गोष्ट आपल्याला परत मध्य प्रांताकडे घेऊन येते.

१८५८ मध्ये पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात एका चित्पावन ब्राह्मण घरात एक मुलगी जन्मली. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. मुलीलाही शिकवलं. पुढे हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत फिरलं: देवळात पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर जगायचं, उरलं तर दानधर्म करायचा. शास्त्रात सांगितलेली व्रतं, उपास, जप, प्रदक्षिणा, काहीही सोडलं नाही. ही मुलगी म्हणजे रमाबाई. पंडिता रमाबाई.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पैसे संपले. भांडी, कपडे, होतं नव्हतं ते विकून झालं. भीक मागायची सवय नाही, मजुरी येत नाही, कारण शिक्षण फक्त पुराणांचं. रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये आपल्या आत्मकथनात लिहिलंय की तिरुपतीच्या परिसरातल्या जंगलात त्यांनी अकरा दिवस पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांनी शेवटी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान बाजूला ठेवतो आणि कुठेतरी काम करून तुम्हाला जगवतो. पण उशीर झाला होता. वडील गेले. मग आई. मग थोरली बहीण.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी. हजारो श्लोक पाठ. ज्या ग्रंथांत लिहिलं होतं की अमुक जप केला की अमुक फळ मिळतं, ते सगळे ग्रंथ तोंडपाठ, ते सगळे जप करून झालेले. आणि डोळ्यांदेखत तिन्ही माणसं उपाशी मेली.

रमाबाईंचा राग तुकोबांपेक्षा वेगळा आहे तो इथे. तुकोबांचं भांडण देवाच्या गप्प राहण्याशी होतं. रमाबाईंना मात्र सगळा करारच खोटा निघाल्यासारखा वाटला. आम्ही आमची बाजू शेवटच्या पैपर्यंत पाळली, समोरून काहीच आलं नाही. मग समोर कोणी होतं तरी का? त्यांनी लिहिलंय की आमचा जुन्या धर्मावरचा विश्वास तेव्हाच उडाला. बहीण-भाऊ पुढे देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. गंमत बघा, ज्या पाठांतरावरचा विश्वास उडाला होता, त्याच पाठांतरासाठी!

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा, बिपिनबिहारी मेधावी, पटकीने गेला. पदरात तान्ही मनोरमा. वय चोवीससुद्धा पूर्ण नाही. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं.

या वादळावर आज बाजू घ्यायची नाहीये. १८९३ मध्ये शारदा सदनात मुलींवर धर्माचा प्रभाव टाकला जातो या आरोपावरून रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, "केसरी"ने झोड उठवली. त्या आरोपांवर स्वतंत्र भाग होऊ शकतो. मला फक्त एक गोष्ट दाखवायची आहे. देव बदलला म्हणून रमाबाईंचं भांडण संपलं नाही. इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डीन त्यांना चर्चची शिकवण निमूट स्वीकारायला सांगत होत्या, आणि रमाबाई पत्रांतून उलट प्रश्न करत होत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न, चर्चच्या अधिकारावर प्रश्न. एका पुरोहितशाहीतून मान सोडवून घेतली ती दुसरीच्या जोखडात द्यायला नाही, असा त्यांचा सूर होता. ज्याने एकदा उपाशी पोटी "का?" विचारलंय, तो कुठल्याही धर्मात गेला तरी तो शब्द बरोबर घेऊन जातो.

रमाबाई मध्य प्रांतात येतात

आणि आता दोन धागे जुळतात. १८९६-९७. मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या पुण्याला पोचल्या. तेव्हा रमाबाई चाळिशीच्या जवळ होत्या. शारदा सदन चालवताना पैशाची ओढाताण होतीच. पण वीस वर्षांपूर्वीचं ते जंगल, ती पानं, ते सगळं पुन्हा समोर उभं राहिलं असं त्या सांगतात. त्या निघाल्या आणि मध्य प्रांतातल्या दुष्काळी जिल्ह्यांत फिरल्या. रिलीफ कॅम्प बघितले, रस्त्याकडेला बसलेल्या निराधार मुली आणि बाया बघितल्या. त्यांतल्या शेकडो जणींना त्यांनी आपल्याबरोबर आणलं. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं ते याच मुलींसाठी. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजाराच्या वर गेली. तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम, छपाई, लिहिणं-वाचणं शिकवलं.

विहिरी आणि हाताचं काम यावरचा भर लक्षात घ्या. ज्या घरात फक्त पुराण सांगता येत होतं आणि मजुरी येत नव्हती म्हणून माणसं मेली, त्या घरातल्या मुलीने हजारभर मुलींना कष्टाचं काम शिकवलं. तिच्या रागाचं उत्तर मला तिथे दिसतं.

तिला दुःखाचं कारण सापडलं का? माहीत नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमाही गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करत. त्यांची श्रद्धा टिकली. पण "का?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून टिकली, असं त्यांच्या आयुष्याकडे बघून मला तरी म्हणवत नाही.

राग योग्य पत्त्यावर पाठवा

इथे इतिहासाने आपल्याला एक टोचणी द्यायलाच हवी. दुष्काळ म्हणजे फक्त देवाची करणी का?

पाऊस न पडणं निसर्गाचं. पण पाऊस न पडल्यावर माणूस मरतो की नाही, हे बरंचसं माणसांनी ठरवलेलं असतं. १८९६ मध्ये भंडाऱ्यातून, गोंदियातून रेल्वे जात होती. धान्य आणता येत होतं, तसं बाहेरही नेता येत होतं. भाव वाढले की धान्य पैशाच्या दिशेने जायचं. त्यात मध्य प्रांतात नव्या बंदोबस्तात शेतसारा वाढवलेला. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० मध्ये लॉर्ड कर्झनला खुली पत्रं लिहून हेच मांडलं: लोक पावसाअभावी मरतात त्यापेक्षा साऱ्याने आधीच पोखरलेले असतात म्हणून मरतात. इकडे मुंबई इलाख्यात टिळक शेतकऱ्यांना सांगत होते की फॅमिन कोड नावाचा कायदा आहे, त्यात साऱ्याची सूट आहे, ती मागा, घाबरू नका.

बघा काय झालं. "देवाची इच्छा" म्हटलं की सरकार सुटतं, सावकार सुटतो, गोदामवाला सुटतो. देव काही कोर्टात येत नाही. म्हणून देवावर रागावताना आधी एक हिशेब करायला हवा, की यातलं देवाच्या नावावर किती आणि माणसाच्या नावावर किती. उरेल तो राग मग खुशाल देवावर.

जगात दुसरीकडेही हे झालंय. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना लिस्बन शहरात भूकंप झाला. व्होल्तेरने तेव्हाच्या "जे होतं ते चांगल्यासाठी" म्हणणाऱ्या पंडितांची सालटी काढली. त्याही आधी, बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट: मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोडं, आणि मित्र येऊन सांगतात की तुझंच काहीतरी पाप असणार. गोष्टीच्या शेवटी देव कोणावर चिडतो? भांडणाऱ्या ईयोबावर नाही. देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर.

मला दुसरं काही नको

शेवटची गोष्ट गोंदिया जिल्ह्यातलीच. नागझिऱ्याच्या पूर्वेला सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला देशभरातले गोंड बांधव तिथे जमतात.

नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचं लिंगो गीत टिपून घेतलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपलने ते छापलं. त्या गीतात महादेव गोंडांवर नाराज होतो आणि त्यांना गुहेत कोंडून दारावर शिळा लावतो. लिंगो महादेवापुढे तप करतो. महादेव म्हणतो, माग. लिंगो म्हणतो, माझे गोंड दे. महादेव म्हणतो, ते सोडून दुसरं काहीही माग. लिंगो हलत नाही. मला दुसरं काही नको, माझी माणसं बाहेर काढ.

आज कचारगडला सांगितली जाणारी कथा वेगळी आहे. तिथे माता कली कंकालीची तेहेतीस मुलं गुहेत कोंडलेली असतात. जंगो रायताड त्यांच्यासाठी धडपडते, पहांदी पारी कुपार लिंगो मार्ग दाखवतो, आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने मुलांच्या अंगात बळ येतं. ती सगळी मिळून शिळा ढकलतात. शिळा हटते, मुलं बाहेर येतात, पण हिरासुका त्या शिळेखाली सापडून मरतो. समाज आपली कथा कशी सांगतो तो त्याचा अधिकार, आणि समाजासाठी ही कथाच खरी. दोन्ही कथांत एक गोष्ट सारखी आहे: गुहेत कोंडलेल्यांना कोणी "हे तुमच्या भल्यासाठी आहे" असं सांगत बसत नाही. शिळा हटवायच्या मागे लागतात.

आणि हटवणाऱ्यांना लोक विसरत नाहीत. व्याघ्र प्रकल्पाच्या दुसऱ्या टोकाला नवेगावबांधचा मोठा तलाव आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. लोकांनी त्यांना कोलासूर देव केलं; तलावाकाठी त्यांचं ठाणं आहे. ज्या मुलखात पाऊस दगा देतो, तिथे पाणी अडवणाऱ्या माणसाला देवपण मिळालं. देव पाणी देत नाही म्हणून रडणाऱ्यांनी पाणी देणाऱ्यालाच देव म्हटलं, यात तक्रारही आहे आणि श्रद्धाही.

तर मित्रांनो, सध्या तुमच्यापैकी कोणी देवाशी बोलत नसेल, देवघरासमोरून मान फिरवून जात असेल, तर एवढं लक्षात ठेवा की तुम्ही वाया गेलेले नाही आहात. तुम्ही जनाबाईंच्या, चोखोबांच्या, तुकोबांच्या, रमाबाईंच्या रांगेत उभे आहात. भांडा. धरणं धरा. सोडून जावंसं वाटलं तर तेही माणसांनी केलंय आणि त्यातूनही चांगली कामं उभी राहिलीत. आणि तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर त्याला देवाची बाजू समजावायला जाऊ नका. त्याच्या नावावर काही देणं असेल तर ते माफ करता येतं का बघा. जेवणाचा डबा घेऊन जा. शेजारी बसा.

पुढच्या भागात आपण याच मुलखातल्या तलावांकडे जाऊ: ते कोणी बांधले, त्यांचं पाणी कसं वाटलं जायचं आणि मालगुजारी गेल्यावर त्यांचं काय झालं. तोवर हा भाग घरातल्या त्या एका माणसाला नक्की पाठवा, जो सध्या गप्प गप्प असतो. भेटू लवकरच!